हंगामी

थंड झोश्का येते पंधरा मेला.
तिच्याआधी तीन संत, ओळीने, तिघेही गारठलेले.
ही चौघं निघून जाईपर्यंत
ग्दान्स्कमध्ये शहाणं माणूस रोप बाहेर ठेवत नाही.
मी ठेवलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी.
सकाळी पेटुनिया
उकडलेल्या पालकासारख्या पडलेल्या.

तेव्हापासून मार्च ते मे रोपं स्वयंपाकघरात,
दह्याच्या डब्यांत, उजेडाकडे माना वाकडी करून.
मी रोज डबे फिरवते.
रोज ती पुन्हा वाकडी.

आमची इमारत लाटेसारखी वळत वळत जाते,
या टोकापासून त्या टोकाला चालत दहा मिनिटं,
गुडघे दुखत असतील तर पंधरा.
सातव्या मजल्यावर माझी बाल्कनी,
दोन पावलं रुंद.
समुद्र दिसत नाही. वारा तेवढा तिथून येतो.

वाऱ्याचं मला सांगू नका.
सत्तावीस वर्षं गोदीत क्रेन चालवली मी,
चाळीस मीटरवर, काचेच्या खोलीत,
खाली माणसं नखाएवढी.
काय आवळून बांधायचं आणि काय थोडं झुलू द्यायचं
हे हाताला कळतं.
कॉसमॉस मी लावत नाही, उंच आणि हलक्या डोक्याचा.
झिनियाला काठी द्यावी लागते.
झेंडू आईच्या सूपच्या पातेल्यात,
एनॅमल उडालेल्या.
आणि लोबेलिया माझ्या पिवळ्या हेल्मेटमध्ये.
त्याला भोकं पाडताना
पहिल्या भोकाला वेळ लागला.
उरलेली दोन पटकन पडली.

खालच्या पानी बार्बाच्या तीन चिठ्ठ्या आल्या होत्या
माझ्या पाण्याबद्दल. अक्षर सुंदर.
मग त्या मुलीकडे राहायला गेल्या,
आणि त्या घरात मासळीच्या कारखान्यातले लोक आले,
दर काही महिन्यांनी नवे.
यंदाचा मालखाझ, जॉर्जियाचा.
लिफ्टमध्ये भेटला, धुरी दिलेल्या मॅकेरलच्या वासाचा.
मी म्हटलं, पाणी गळतं ना, माफ करा.
तो शब्द शोधत राहिला पाचव्यापर्यंत.
"पाणी चांगलं," म्हणाला, आणि उतरला.

कठड्यावरून वाकून पाहिलं
(या वयात वाकू नये, डॉक्टर म्हणतात):
गळतं तिथे बरोबर
त्याने टब ठेवलेला.
माझं नॅस्टर्शियम लोंबत लोंबत
त्याच्या कपड्यांच्या दोरीपर्यंत पोचलेलं,
आणि त्याने ते दोरीवर नीट चढवलेलं,
दोन मोज्यांच्या मध्ये, केशरी.

बियांच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, एक हंगाम.
त्याच्या परवान्यावरही असणार तसंच काहीतरी.
मी विचारलं नाही.
तोही विचारत नव्हता, मी एकटी का.

ऑक्टोबरात दोरी रिकामी.
माझ्या दाराच्या कडीला पिशवी,
पिशवीत दह्याचा डबा,
डब्यात नॅस्टर्शियमच्या बिया,
हरभऱ्याएवढ्या, म्हाताऱ्या माणसाच्या कानासारख्या सुरकुतलेल्या.
चिठ्ठीवर, स्पेलिंगच्या दोन चुकांसह:
तुमचं. खाली पडलेलं.

एक्केचाळीस. दोनदा मोजल्या.
वाळवून गोळा करायला
किती सकाळी लागल्या असतील, पाळीवर जायच्या आधी.

पातेलं घासलं, हेल्मेट पालथं घातलं.
एखादं बी राहिलंच असेल
खाली, फरशीच्या फटीत, नव्या माणसाच्या पायाखाली.
झोश्का गेली की
पाणी मी जरा जास्तच घालीन.