हजेरी

रूवीतल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट सावकाश उतरते.
चौथ्यापासून तळमजल्यापर्यंत
हसायचा सराव करायला तेवढा वेळ पुरतो.
एकदा दात न दाखवता.
मग रिहामसारखं, मान मागे टाकून.
दुसऱ्या मजल्यावर दार उघडतं,
टेलरचाचा आत येतात, टेप अजून गळ्यात,
आणि मी हसू गिळते,
गोळीसारखं, पाण्याशिवाय.

बसमध्ये शेजारची जागा रिकामी असते.
तिथे दप्तर ठेवते, म्हणजे वाटावं
मीच धरून ठेवलीय कुणासाठी.
बाहेर डोंगर, भाजलेले, तपकिरी,
अंगावर एक झाड नाही
तरी कुणाला लाजत नाहीत.

वर्गात सगळ्या हसतात तेव्हा
मी क्षणभर उशिरा हसते.
तोवर विनोद पुढच्या बाकावर गेलेला असतो.

माझं नाव बाबांच्या आत्याचं. मंजुळा.
सहावीत पहिल्या दिवशी मॅम 'मंजुला' म्हणाल्या
आणि मी हात वर केला.
दुरुस्त करायला तोंड उघडावं लागतं.
नववीत मंजू झाले, आता वहीवर नुसता एम.
बाकीची अक्षरं घरी,
आईच्या हाकेत, कुकरच्या शिट्टीखाली.
परवा फोनवर मावशीला म्हणाले, शाला सुटली.
मावशी हसली.
मी फोन आईकडे दिला.

आज कॅन्टीनच्या रांगेत,
जिथे माझ्यापुढे दोघीतिघी घुसतात
आणि मी मागे सरकून त्यांना जागा देते,
त्रिशूरहून आलेली नवी मुलगी, श्रीलया,
एमवर बोट ठेवून म्हणाली, पूर्ण सांग.
मी सांगितलं. ल लावून.
ती थांबली.
मंजुळा ना? माझ्या थोरल्या मावशीचं नाव.
तिचा ळ असा, की जीभ टाळूवरून
सुटताना ऐकू यावी.
माझ्यापेक्षा चांगला.

लिफ्टमधलं एकेक हसू लावून पाहिलं,
एकही बसेना.
हो म्हणाले बहुतेक.
ज्यूस सांडला थोडा, बुटावर.

परत येताना दप्तर मांडीवर घेतलं.
शेजारी कुणी नव्हतंच, तिची बस वेगळी.
ओठ मिटून, कुणाला दिसणार नाही असं,
आतल्या आत जीभ उलटी वळवत राहिले

ळ

ळ

हमरियाच्या सिग्नलपर्यंत.