बद्द

डाग बशीएवढा. चहाच्या रंगाचा, कडेला गडद.
"इथंच गळतंय," इद्वाल प्रिचर्ड म्हणाले
आणि काठीचं टोक बरोबर मधोमध टेकवलं.
मी मान हलवली.
पाण्याला सरळ चालणं ठाऊक नाही.
एकीकडून शिरतं, वाशाच्या पाठीवरून घसरत जातं,
एखाद्या खिळ्याशी दम खातं,
आणि तिसऱ्याच खोलीत तोंड दाखवतं.

माळ्यावर रांगत गेले, टॉर्च दातांत धरून.
जुनी वर्तमानपत्रं, बाळाचा पाळणा, मेलेली वटवाघळं दोन.
हात फिरवत गेले लाकडावरून:
कोरडं, कोरडं, कोरडं,
मग बोटांना गार लागलं.
धुराड्याच्या बाजूला. डागापासून नऊ फूट.

ब्लायनायमध्ये पावसाचं कौतुक कुणी करत नाही.
त्या दिवशी तो थांबला होता इतकंच.
मी शिडी चढले, आडवी होऊन छपरावर पसरले.
म्हातारा खाली अंगणात, कोटाची बटणं चुकीची लावलेली,
समोर खाणीचे ढिगारे, गावावर वाकलेले.
सत्तेचाळीस वर्षं या माणसानं
दगड मांडीशी टेकवून छिन्नीनं पाट्या सोडवल्या,
पापुद्रा पापुद्रा.
सुरुंगांनी कान गेले. बायकोचं बोलणं ऐकू येईना,
दारावरची घंटाही नाही.
"वाजव," तो ओरडला.

मी बोटाच्या पेरानं ठोकत गेले.
खण. खण. खण.
"पुढे."
खण. खण.
बद्द.
"ती!" माझ्या आधी तोच म्हणाला.

फुटक्या माठाला जसं कळतं तसं पाटीलाही कळतं,
लपवता येत नाही तिला.
आतून तडा. वरून काळीभोर, निर्दोष.
अशा अकरा निघाल्या.
सहा तर धडधाकट होत्या, खिळेच सडले होते;
आम्ही त्याला खिळ्यांचा आजार म्हणतो.
लांब चपटी पट्टी खालून सरकवायची,
टोकाच्या आकड्यात खिळा धरायचा,
आणि हातोड्यानं खाली ओढायचं, दात काढल्यासारखं.
नवी पाटी बसते, पण खिळा मारायला जागा उरत नाही.
म्हणून शिशाची एक पट्टी, टोकाशी वर दुमडलेली.
खालून बघणाऱ्याला दिसते. दिसू दे.

पण डाग या अकरांचा नव्हता.

धुराड्याच्या बुडाशी सिमेंट होतं.
जाड, थापलेलं, भाकरीच्या काठासारखं,
भिंतीपासून सुटून आलेलं. मधल्या फटीत माझं नख गेलं.
तिथं शिसं हवं होतं, विटांच्या सांध्यात खोचलेलं,
घर हललं तर हलणारं.
सिमेंट हलत नाही, ते तडकतं,
आणि तडकल्यावर पाणी बाहेर नाही, आत धरून ठेवतं.
कुणी केलंय हे, अशी शिवी ओठांवर आली.
मग अंगठा दिसला.
सिमेंटमध्ये रुतलेला, लहान, नखाच्या चंद्रासकट.
पुरुषाचा नव्हता.

फोडलं. फोडायलाच लागतं.
तुकडे बादलीत घालून खाली आणले, अंगठ्याचा सर्वांत खाली.
म्हाताऱ्यानं बादलीत हात घातला, चाचपत राहिला,
आणि तो बरोबर शोधून काढला.
"मॉरवुड," तो म्हणाला.
"वारा सुटला होता. माझी छाती धुळीनं भरलेली,
चढता येईना मला. मी शिडी धरली.
चुकतंय हे खालूनच दिसत होतं."
"मग सांगितलं नाहीत?"
"इतकी खूश होऊन उतरली होती ती."

मी शिसं कापलं, वाकवलं, सांध्यात ठोकून बसवलं.
बिलात लिहिलं: पाट्या अकरा, शिसं दोन मीटर, मजुरी दीड दिवस.
सिमेंट काढणे, हे लिहिलं नाही.

निघताना बजावलं, डागावर लगेच रंग देऊ नका,
लाकूड सुकायला महिना तरी लागेल.
"आणि नाहीच दिला तर?"
तसं काही बिघडत नाही, मी म्हटलं.
त्यानं तो तुकडा खिशात टाकला,
कोट एका बाजूनं ओघळला,
आणि बटणं अजून चुकीचीच होती.