सरकी

पहिल्या दिवशी फाटकापर्यंत.
दुसऱ्या दिवशी फाटकही नको.
सरकी पोट जमिनीला लावून बसली,
मीही दोर सैल सोडून शेजारी, मातीतच.
"काहून वं?" एवढंच विचारलं.

चौथ्या दिवशी हापशी. बंडीचं चाक हुंगलं.
पुढं गुणवंताची चक्की, धडधडता पट्टा,
सरकी माझ्या पायांत.
गुणवंतानं पाहिलं, खटका पाडला.
ज्वारीचे डबे घेऊन बाया थांबल्या,
कुणी काही बोललं नाही.
पिठाच्या शांततेतून चार पाय
घाईनं निघून गेले.

आठवडाभर असंच.
आज गिऱ्हाइकी होती,
खटका पाडायचा तो विसरला.
सरकीही विसरली.
नाकावर पीठ, एक शिंक, पुढं.

रपट्यापाशी मात्र बसलीच.
बस बाई.
मलेही घाई नाही.