काही नाही म्हणजे किती

नंदानगरच्या तिसऱ्या गल्लीत
एस्तेरबाई शेलारांचं घर:
रुंदी बारा फूट, मजला दीड,
त्यावर यंदा दोन हजार दिवे.
मीच मोजलेत. लॅपटॉपवर प्रत्येक माळेला नंबर आहे,
पेरूच्या झाडाला वेगळा, जिन्याच्या कठड्याला वेगळा,
पाण्याच्या टाकीवरच्या ताऱ्याला शून्य.

बाबांना नंबर कळतात, पटत नाहीत.
ते माळ्यावरून रूळ उतरवून आणतात,
सागवानी, मांडीएवढा जाड,
अंगभर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या,
कुठे वीतभर, कुठे नखाएवढी.
अनंत चतुर्दशीला गिरणीची झांकी निघायची
तेव्हा हा फिरायचा ट्रॉलीच्या पोटात
आणि वर कालियाचे डोळे
मिटायचे, उघडायचे, मिटायचे.
इंदूर रात्रभर रस्त्यावर.
बाबा ट्रॉलीखाली, दातांत वायर.
झांकी समोरून कशी दिसते
ते त्यांनी कधी पाहिलंच नाही.

पुढे गिरणी बंद पडली.
त्यांचे कान त्याच्या चार वर्षं आधी.

गाणं एस्तेरबाईंनी दिलं. एक कॅसेट,
त्यांच्या मंडळीनं नव्वद सालच्या नाताळात भरलेली.
बाजा बाईंचाच.
तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी भाता अडकतो,
सगळे गाणारे एकदम
पायरी चुकल्यासारखे हवेत,
मग कुणीतरी खोकतं,
आणि मग सूर.
म्हटलं, बाई, एवढं कापून टाकतो, कळणारसुद्धा नाही.
बाई म्हणाल्या, तो सॅमसन.
त्याला गाता यायचं नाही, सतरंज्या घालायला यायचा.
त्या टेपवर त्याचं एवढंच आहे.
राहू दे.

राहू दिलं.
बाबांनी स्पीकरवर तळहात ठेवला,
ताप बघावा तसा.
पहिलं कडवं. दुसरं. माझ्या पडद्यावर
हिरव्या रेघा धावत होत्या, त्यांनी बघितल्याही नाहीत.
मग एकदम बोट वर केलं.
इथे काय ठेवलंयस?
मी खुणेनं सांगितलं, काही नाही.
काही नाही म्हणजे किती?

मला उत्तर आलं नाही.
त्यांनी रूळ माझ्या मांडीवर ठेवला,
दोन पट्ट्यांमधल्या उघड्या लाकडावरून
माझं बोट फिरवलं.
हे बघ, म्हणाले, उजेड कुणीही ठोकेल.
हे सोडलेलं आहे. मोजून.
इथे दीड बोट. इथे पाऊण.
जास्त सोडलं तर लोकांना वाटतं फ्यूज गेला,
कमी सोडलं तर नाग जिवंत होत नाही.

रात्रभर बसून मी तो अंधार बसवला.
नऊ वेळा.
नऊही वेळा त्यांचा हात स्पीकरवर.

चोवीस तारखेला गल्लीत स्कूटर शिरेना.
गराडूवाल्यानं कढई आमच्याच ओट्याला लावली,
लिंबू, जिरावण, धूर,
कुणीतरी ओरडलं, भिया, जरा बाजूला, पोराला दिसू दे.
बाबांना खुर्ची रस्त्याच्या मधोमध.
मफलर. हात गुडघ्यांवर.
आयुष्यात पहिल्यांदा समोर.

पेरू पेटला, कठडा पेटला,
बाजाच्या मागोमाग दिवे जिना चढले,
आणि तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी
सगळं गेलं.
टाकी, झाड, घर.
काळ्याकुट्ट गल्लीत एकटा सॅमसन
खोकला.
मग सूर, मग दोन हजार.

दुसऱ्या फेरीला पोरांना जागा ठाऊक झाली.
दिवे गेले तशी वीस-पंचवीस पोरं
एका दमात खोकली.
एस्तेरबाई दारात उभ्या, हातात करंज्यांचं ताट,
हसताना ताट हललं, दोन करंज्या पडल्या,
त्या तशाच हसत राहिल्या, डोळे पुसत नव्हत्या.

तिसऱ्या फेरीला मी बाबांकडे बघत होतो.
त्यांच्याजवळ स्पीकर नव्हता,
पोरांचा आवाज पोहोचणं शक्यच नव्हतं.
दिवे जायच्या जरा आधी
बोट वर झालं,
आणि अंधारात,
पोरांच्या बरोबरीनं,
अगदी मापात, ते खोकले.

घरी येताना म्हटलं, कसं वाटलं समोरून?
वाकून, त्यांना ओठ दिसतील असं.
मफलर सोडत म्हणाले,
टाकीवरचा तारा डावीकडे कललाय.
उद्या शिडी लागेल.