खडूची खूण

कुपवाड एमआयडीसी, गाळा नंबर सतरा.
हळदीच्या पल्व्हरायझरचा शाफ्ट आलाय उघडून,
पिवळा. रॉकेलनं पुसला तरी पिवळा.
आवटी अण्णांनी गेल्या दसऱ्याला
दुसरा पंखा बसवायचा म्हणून
तीन फुटांचा साडेचार करून घेतला,
बेअरिंगं तेवढी लांब सरकवली,
जाडी तीच.
"आधी गुमान चालायचा हो," अण्णा म्हणतात,
शहाण्या पोराला कुणीतरी नादी लावल्यासारखं.

लांबी दीडपट केली
की शाफ्टाचा बिथरायचा वेग खाली येतो, जवळजवळ निम्म्यावर.
हे मला कॉलेजात शिकवलं होतं. पंधरा मार्कांना.
पूर्वी तो आकडा इतका वर होता
की मशीन तिथवर कधी पोचायचंच नाही.
आता एकोणीसशे.
आणि अण्णांना हळद दळायची अठ्ठावीसशेला.

पहिल्या दिवशी मी काय केलं,
स्टँडवर अठ्ठावीसशेनं फिरवला
आणि अंगाशी खडू धरला. टिक्.
जिथं खडू लागतो तिथं जड, सरळ हिशोब.
त्याच बाजूला पंख्याच्या चकतीला भोक पाडलं, वजन काढलं,
परत लावला
तर स्टँडचे बोल्ट किणकिणायला लागले.
टेबलावरचा पाना चालत चालत कडेला गेला
आणि पडला.

दस्तगीर मिस्त्री बशीतनं चहा पीत होते.
चहावर बारीक वर्तुळं उठलेली.
त्यांच्याकडंच बघत म्हणाले,
"खडू खोटं बोलत न्हाई, त्रिशला.
पण कुठल्या वेगाला विचारलंस त्येला?"

एकोणीसशेच्या खाली जड बाजू बाहेर पडते.
एकोणीसशेच्या वर ती मुकाट आत येते
आणि हलकी बाजू खडूला शिवते.
मी हलक्यालाच आणखी हलकं करून ठेवलं होतं.

"आणि बरोबर एकोणीसशेला?"

मिस्त्री बोलले नाहीत. बशी ठेवली,
मोटरचा नॉब हळू फिरवत नेला.
सोळाशे. सतराशे.
साडेसतराशेला पत्र्याचं छप्पर हुंकार द्यायला लागलं.
पोलादाचा दांडा मधूनच पोट सोडतो,
सुंभ वळताना दोर झोल घेतो तसा,
आणि मग दांडा दिसतच नाही,
हवेत एक पिवळट चाती फुगलेली.
माझे दात एकमेकांवर वाजले.
"हितनं जायचं असतंय. हितं उभं ऱ्हायचं न्हाई."
नॉब एकदम पुढे.
बावीसशे. चोवीसशे.
चातीचा परत दांडा झाला.
भोवरा निजतो तसा निजला,
छप्पर गप्प,
बाहेर कुणाची तरी एम-एटी सुरू होत नव्हती, ते ऐकू आलं.

अण्णांनी लाइट बिल वाचवायला सॉफ्ट स्टार्टर घेतलाय.
मशीन चाळीस सेकंदांत चढतं,
त्यातले नऊ एकोणीसशेच्या आसपास.
रोज सकाळी नऊ सेकंद.
बंद करताना तर मोजलेच नाहीत कुणी.
मी कागदावर लिहून दिलं, चढणं बारा सेकंदांत, उतरताना ब्रेक.
अण्णा कागद उलटा करून मागचं बघतात,
तिथं काही नाही.

चुकीचं भोक भरून घेतलं.
आता खूण घ्यायची ती चौदाशेला, खालून.
खडू मिस्त्रींनी धरला.
गेल्या मृगापासून त्यांचा हात कापतो,
बशी धरताना जास्त,
लोखंडाजवळ आला की कमी,
पण कापतो.

मोटर थांबली. खूण बघितली,
बोटभर रुंद, फिसकटलेली.
"ह्यात थोडी शाफ्टाची हाय, थोडी माझी," मिस्त्री म्हणाले,
"तू बघ कुठली कुठली,"
आणि चष्मा पुसायला लागले, बराच वेळ.

मी पंच मधोमध नाही ठेवला.
जरा डावीकडं ठेवला.
सात वर्षं त्यांच्या डाव्या हाताला उभी राहते मी.
हातोडीचा एकच ठोका.
खडूचं टोक पिवळं झालं होतं.