दुसरी

जागा उरली नाही, म्हणालं यंत्र.
तांबडी पट्टी पार काठापर्यंत.
श्रीरंग म्हणाला, दुकानात देऊ या.
मी म्हटलं, चार स्क्रू आणि दोन वायरी,
त्याला दुकान कशाला?
सातपूरला पाच वर्षं ट्रान्सफॉर्मरची वेटोळी गुंडाळलीत मी,
लग्नाआधी.
तुझ्या दुसऱ्या, माझ्या पहिल्या.

रविवार. हल शहरात नोव्हेंबरचे चार वाजले
की दिवस दुकान आवरायला घेतो.
हंबर नदीवरून धुकं आलं,
आधी कोपऱ्यावरचा सायरंगी फोनबूथ गेला,
मग समोरच्या ब्रेंडाचं फाटक.
आम्ही जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून
ते धूड आडवं निजवलं.
डबलडेकर चालवणारा माणूस,
टॉर्च धरताना हात कापत होता त्याचा.

भिंतीतलं बटण बंद केलं, प्लग काढला,
रेडिएटरला हात लावून अंगातली वीज सोडली.
झाकण सरकवलं, तर आत नऊ वर्षांची धूळ,
पंख्याच्या पात्यांवर लोकरीसारखी,
आणि त्या धुळीत
एक लांब केस.
माझे कधीच खांद्याखाली गेले नाहीत.
टॉर्च जरा भलतीकडे वळला.
"उजेड इकडे," मी म्हटलं.

पहिली खालच्या खणात होती,
अजून कोमट.
मधला खण मोकळा ठेवा, असं कागदात लिहिलं होतं,
दोघी तापतात म्हणून.
हल ते लीड्स गाडीनं तासभर.
तेवढं आम्ही आधीपासूनच पाळतो.

वायरीचं टोक एलच्या आकाराचं,
उलटं बसत नाही, रेटलं तर मोडतं.
तिसरा स्क्रू निसटला,
टणटणत कुठंतरी आत गेला.
बोर्डावर सुटा स्क्रू म्हणजे घात.
भुवयांच्या चिमट्यानं काढला.
श्रीरंगनं श्वास सोडला. मी नाही.

सुरू केलं, तर पडद्यावर ती नव्हतीच.
जुनीच घरभर.
"बघ," तो म्हणाला, "दुकान..."
मी शोधत शोधत तिथवर गेले
जिथं यंत्र पोटातलं खरं सांगतं:
डिस्क शून्य. डिस्क एक.
पहिलीला शून्य म्हणतात हे वाचून हसू आलं,
का, ते त्याला सांगितलं नाही.

मग यंत्रानं विचारलं:
सगळं पुसलं जाईल. पुढं जायचं?

बोट थांबलं.
दोन ओळी, वरची नि खालची,
मध्ये करंगळीएवढी जागा.
वरच्या ओळीत नीलांबरी होती:
मुक्ताचं पहिलं पाऊल, स्कारबरोची वाळू,
कुणाच्या तरी लग्नाचे तीन तास.
आणि मीही तिथंच. माझी पगारपत्रकं,
नर्सिंग होमच्या रात्रपाळ्या, बाबांचा एक्स-रे,
पण पत्त्यात दर वेळी तिचं नाव आधी.
यंत्र तिनं मांडलं होतं.
वापरणाऱ्याचं नाव: नीलांबरी.
सहा वर्षं मी तिच्या उंबऱ्यावरून
माझ्याच कागदांकडे जाते आहे.

एक चूक झाली असती,
तर कुणी मुद्दाम केली म्हटलं नसतं.

खालची ओळ निवडली.
श्रीरंगला मोठ्यानं वाचायला लावलं, साक्षीदार म्हणून,
दोनदा.

हिरवी पट्टी सरकली. सी होतीच, डी आली.
मग ए आणि बी कुणाच्या?
मुक्ताला फोन केला.
"फ्लॉपीच्या," ती म्हणाली, "त्या कधीच्याच गेल्या,
पण त्यांची अक्षरं सहसा कुणाला देत नाहीत."
थोडं थांबून म्हणाली,
"माझे व्हिडिओ आहेत ना गं?"
आहेत, म्हटलं. हात नाही लावला.

नाव द्या, असा रिकामा चौकोन आला.
"फोटो दोन ठेव," श्रीरंग म्हणाला.
मी लिहिलं: सातपूर.

झाकण लावलं. वर्तमानपत्र धुळीसकट गुंडाळलं.
एक स्क्रू उरला.
कुठला, ते दोघांनाही आठवेना.
ओट्यावरच्या वाटीत आहे,
सुट्या पेन्यांबरोबर.