अमळनेरचं तिकीट

दीड वर्ष मी अमळनेरचं तिकीट काढलं
आणि उतरलो धरणगावला.
अ उघडाच असतो, घरापुढच्या ओट्यासारखा;
ध ला मात्र आतून कडी.
रोजचे वीसेक रुपये जास्त.
आईला सांगितलं, झेरॉक्स फार लागतात.
पास काढला असता,
पण पासच्या खिडकीवर विचारतात: कुठून कुठे?

जळगावला, कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये, मी समोसा खातो.
आवडतो म्हणून नाही. स सरकतो म्हणून.
कचोरीचा क निघेपर्यंत
हितेंद्र माझं वाक्य संपवून टाकतो,
प्रेमानंच, आणि बहुतेक वेळा चुकीचं.
त्याच्या अंदाजापायी
नको असलेले कितीतरी चहा प्यायलोय
आणि एकदा एनसीसीत नाव द्यावं लागलंय.

त्या सोमवारी कंडक्टर होते भिला बाविस्कर.
मशीनवर बोट ठेवून म्हणाले,
"रोज अमळनेरनं तिकीट काढस
अन् धरणगावले उतरी जास?"
पुढच्या सीटवरच्या दोघी वळल्या.
मांडीवर भरताच्या वांग्यांची पिशवी घेतलेली बाईही.

मी तोंड उघडलं.
जीभ दातांमागे जाऊन बसली,
मान ताठ, डोळे घट्ट.
हे कसं दिसतं मला माहीत आहे,
घरी आरशात पाहिलंय.
त्यांनी मशीन खाली घेतलं.
शब्द सुचवला नाही. घड्याळ पाहिलं नाही.
इतकंच म्हणाले,
"येऊ दे भो, गाडी तठेच जाई राहिनी."

खोटेनगर मागे पडलं.
ध आला, मागे गेला, पुन्हा आला,
आणि गिरणेच्या पुलावर,
खाली वाळू आणि कडेला थोडंसं पाणी,
धरणगाव सबंध आलं.

टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत.
वांगीवालीने खिडकी सरकवली.
तिकिटावरचं नाव मी मनात वाचलं, न अडखळता.
तिथे मी कधीच अडखळत नाही.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये
वाचलेले वीस रुपये गल्ल्यावर ठेवले.
क—
क—
हितेंद्रने तोंड उघडलं.
मी हात वर केला. "थांब."

हा शब्द कसा सरळ आला, कोण जाणे.
तो थांबला. मागची रांगही थांबली, कुरकुरत.

कचोरी गार होती, बहुतेक कालची.
मीच संपवली ती. पूर्ण.